पुरणयंत्रातून गेलेला वाळा

तुळशीच्या कुंडीतली माती बदलावी, असं मला एका रविवारी सकाळी साडेआठ वाजता वाटलं. एवढाच माझा गुन्हा. रविवारी सकाळी साडेआठला माणसाने काहीही वाटून घेऊ नये, गुपचूप पडून राहावं, असं मधुवंतीचं मत आहे. (मधुवंती माझी बायको. सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात ती फिजिओथेरपिस्ट आहे. कुणी उठून चालावं आणि कुणी पडून राहावं हे तिला धंद्यानेच कळतं. मला तिने दुसऱ्या गटात टाकलंय.)

गोष्ट २०१६ च्या ऑगस्टमधली. आई कराडहून आमच्याकडे सिंगापूरला आली होती. अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि कराडच्या त्या शिक्षक कॉलनीतल्या घरात ती एकटी राहते, ह्या विचाराने मी रॅफल्स प्लेसमधल्या ऑफिसच्या एकोणिसाव्या मजल्यावर भर मीटिंगमधून उठून तिला फोन लावायचो. तिने आता आमच्याजवळच राहावं एवढी माझी इच्छा होती. त्यासाठी लाँग टर्म व्हिजिट पासचा फॉर्म मी सुवाच्य अक्षरात भरून ठेवला होता. आईची सही झाली की सोमवारी तो एचआरकडे द्यायचा, नाहीतर शुक्रवारचं परतीचं तिकीट होतंच.

पंधरा दिवस तो फॉर्म डायनिंग टेबलावर पडून होता. आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. समोर कागद आला की तिचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. तिने फॉर्म तीनदा वाचला, माझ्या दोन चुका दुरुस्त केल्या, समासात "अक्षर सुधारलेले दिसते" असा शेरा मारला आणि सही मात्र केली नाही.

"आई, इथे काही कमी आहे का गं?" मी विचारायचो.

"छे रे. सगळं चकाचक आहे." मग ती बाल्कनीतल्या पिवळ्या पडत चाललेल्या तुळशीकडे बघायची. "पण इथल्या मातीत जीव नाही बघ."

आता मी पडलो आयटीवाला. तक्रार मातीची असेल तर माती बदलायची, असं माझं सरळ डोकं. म्हणून त्या रविवारी मी नर्सरीतून आणलेली खताची पिशवी फोडली, स्वयंपाकघरातून एक जुना झारा पळवला आणि बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून बसलो. समोरच्या ब्लॉकवर राष्ट्रीय दिनासाठी खिडक्याखिडक्यांतून झेंडे लावले होते. आत आई डाळ शिजवत होती आणि मधुवंती तिच्यासाठी वेलदोडे सोलत होती. सगळं कसं छान चाललं होतं.

तिसऱ्या खणण्याला झाऱ्यात काहीतरी वळवळलं. काळं, चकचकीत, बुटाच्या लेसएवढं जाड आणि जेमतेम वीतभर लांब. आधी मला गांडूळ वाटलं. पण गांडूळ कसं ओलं, गिळगिळीत आणि रिंगारिंगांचं असतं, हे तसं नव्हतं. ह्याच्या अंगाला पॉलिश होतं. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं तरी तोंड कुठलं आणि शेपटी कुठली ते समजेना. बोटांत धरलं तर शेपटीचं बारीक टोक हळूच टोचलं, आणि त्याच क्षणी मी सेहेचाळीस वर्षांचा मॅनेजर राहिलो नाही, आठ वर्षांचा पद्या झालो.

वाळा! आमच्या कराडच्या मोरीतला वाळा!

पावसाळ्यात आमच्या मोरीत वाळे निघायचे. मी धुण्याच्या दगडावर उभा राहून किंचाळायचो, आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, वाळा आलाय!" आणि अण्णा हातातला पेपर घेऊन शांतपणे यायचे. साखर कारखान्यातला हेडक्लार्क माणूस, त्यांना घाई कधी माहीतच नव्हती. पेपरची घडी वाळ्यापुढे धरायची, तो वर चढला की खालची बातमी मोठ्याने वाचायची, आणि मग सगळी वरात परसातल्या कर्दळीकडे. तिथे त्याला मातीत सोडून अण्णा हात जोडायचे. मग कोरड्या पेपरची उरलेली पानं घेऊन पुन्हा खुर्चीत. त्या बाल्कनीत मला अण्णांची इतकी आठवण आली, की मी झारा खाली ठेवून उगाचच नाक पुसलं. (नाकाला माती लागली. हे दुपारपर्यंत कुणी सांगितलं नाही.)

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? आईला हाक मारली असती. पण मला सुचली सरप्राइजची आयडिया. आई म्हणते ना इथल्या मातीत जीव नाही? घे, हा जीव! सगळ्यांना टेबलाभोवती बोलवायचं, झाकण उचलायचं, आईचे डोळे भरून येणार, सही होणार.

मी एका स्टीलच्या पातेल्यात थोडी माती घेतली आणि वाळा त्यात सोडला. वर झाकण हवं, पण त्याला हवाही हवी. ओट्याशेजारच्या रॅकमध्ये भोकं असलेली एक गोल चकती वाळत होती. देवानेच पाठवल्यासारखी ती पातेल्याच्या तोंडावर घट्ट बसली. मी पातेलं टेबलावर ठेवलं आणि हातपाय धुवायला गेलो.

परत आलो तर स्वयंपाकघरात शोधाशोध चालली होती.

"मधुवंती, माझ्या पुरणयंत्राची चकती पाहिलीस का गं?"

"आत्ता रॅकमध्ये होती, आई."

"मग गेली कुठे? डाळ निवत आली. पुरण गरम असतानाच वाटायला हवं."

पुरण कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी सरप्राइजच्या नादात होतो. मी टाळी वाजवून सगळ्यांना टेबलाशी बोलावलं. माझी नऊ वर्षांची मुलगी गार्गीसुद्धा टॅब्लेट सोडून आली.

"लेडीज," मी म्हणालो, "आई, तू म्हणतेस इथल्या मातीत जीव नाही. आज सकाळी आपल्या तुळशीत मला काय सापडलं बघ. आपल्या मोरीतला वाळा!"

आणि मी चकती उचलली. पातेल्यात माती होती. फक्त माती.

"ही माझी चकती," आई म्हणाली.

"बाबा, इट्स जस्ट सॉइल," गार्गी म्हणाली. "नथिंग इनसाइड, लाह."

"पद्मनाभ," मधुवंती अगदी हळू आवाजात म्हणाली. (ती पेशंटला वाईट बातमी ह्याच आवाजात सांगते.) "वाळा म्हणजे साप ना?"

"म्हणजे तांत्रिकदृष्ट्या..."

"साप कुठे आहे?"

"होता."

"होता म्हणजे?"

"म्हणजे मी पाय धुवायला गेलो तेव्हा होता."

आम्ही चौघांनीही चकतीकडे पाहिलं. पुरणयंत्राला दोन चकत्या असतात, बारीक भोकांची आणि मोठ्या भोकांची. ही मोठ्या भोकांची. ज्या भोकांतून शिजलेली हरभऱ्याची डाळ पडते, त्यांतून एक मातीत राहणारा, अंगाला पॉलिश असलेला, दोरीइतका बारीक प्राणी जाऊ शकेल की नाही, हा विचार मी सोडून बाकी सगळ्यांनी एका सेकंदात केला.

मधुवंती खुर्चीवर चढली. गार्गी आनंदाने टेबलाखाली शिरली. आई मात्र जागची हलली नाही. तिने माझ्याकडे एकटक पाहिलं.

"तू आज माती खणलीस?"

"हो. तुळशीची. तूच म्हणालीस..."

"आज कुठला वार आहे?"

"रविवार."

"आणि तिथी?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सात ऑगस्टच्या चौकोनात फणा काढलेला नाग होता. आता माझं लक्ष ओट्याकडे गेलं. तिथे चिरायचा बोर्ड उभा करून त्यावर आईने गंधाने नागोबा काढला होता. (आमच्याकडे पाट नाही. आणि त्या दिवशी काही चिरायचं नसतं, त्यामुळे बोर्ड रिकामाच होता.) पुढे दूध होतं, लाह्या होत्या. नागपंचमीला काही चिरू नये, तळू नये, आणि मुख्य म्हणजे जमीन खणू नये, हे आईने मला पहिलीत शिकवलं होतं. पुरण उकडीच्या दिंडांसाठी होतं. साऱ्या वर्षात नागाच्या वाटेला जायचं नाही असा एकच दिवस, आणि मी नेमका त्याच दिवशी झारा घेऊन त्याच्या घरात शिरलो होतो.

आई आत गेली आणि वातींचा डबा घेऊन आली. आपल्या दोन्ही कानांत एकेक फुलवात घातली आणि डबा मधुवंतीपुढे धरला.

"आई, वाळा कानात जातो वगैरे ही अंधश्रद्धा आहे. तूच वर्गात शिकवायचीस," मी म्हणालो.

"शिकवायचे. तेहतीस वर्षं शिकवलं," आई म्हणाली. "आणि घरी येऊन तेहतीस वर्षं पावसाळ्यात कापूस घालून झोपले. घाल कानात."

मग ती टेबलावरच्या फॉर्मकडे पाहून म्हणाली, "शुक्रवारचं तिकीट आहे तेच राहू दे, पद्मनाभ. माझं तिकडेच बरं."

माझा चेहरा पडला. दोन आठवडे मी जे जुळवत आणलं होतं ते एका झाऱ्याने उकरून टाकलं. आईला थांबवायला निघालो आणि तिला विमानापर्यंत पोचवून बसलो.

बारा वाजता मुकुल जेवायला आला. मुकुल सांगलीचा, इथल्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करतो. मातीखाली राहणारे सरपटणारे प्राणी हा त्याचा विषय. (त्याच्या आईवडिलांना अजून वाटतं तो डॉक्टर होतोय.) त्याने बेल वाजवली तेव्हा कुणालाच ऐकू आली नाही, सगळ्यांच्या कानांत वाती होत्या. शेवटी त्याने दार ढकललं तेव्हा मधुवंती सोफ्यावर उभी, मी सोफ्याखाली आडवा आणि गार्गी टॉर्च मारतेय, असं दृश्य त्याला दिसलं.

"वाळा?" सगळं ऐकून मुकुल ओरडला. "वहिनी, अभिनंदन!"

"अभिनंदन कसलं रे?" मधुवंती वरून म्हणाली.

"अहो, मी चार महिने त्याच्यासाठी बागांमधून दगड उलटतोय. तो तुमच्या सहाव्या मजल्यावर चालून आला!" मग तो जमिनीवर बसून माहिती द्यायला लागला. विष नाही, चावायला धड तोंड नाही. डोळे म्हणजे खवल्यांखाली दोन काळे ठिपके, उजेड-अंधार एवढंच कळतं. खातो मुंग्यांची आणि वाळवीची अंडी. मूळचा आपल्याकडचा, पण कुंड्यांच्या मातीत बसून जहाजांतून जगभर पोचलेला.

"व्हिसा लागला नाही कुठे?" आईने विचारलं.

"नाही काकू. कुंडी हाच पासपोर्ट."

"आणि कानात?"

"कानात मुंग्या असतील तरच, काकू."

आईने एका कानातली वात काढली. दुसरी ठेवली.

तासभर आम्ही घर पालथं घातलं. शू-रॅक रिकामा केला, गाद्या उलटल्या, फ्रिज ओढला. फ्रिजमागे गार्गीची हरवलेली स्विमिंग कॅप सापडली आणि माझा हरवलेला म्हणून सांगितलेला जिमचा पास सापडला. वाळा नाही. मधुवंतीने बॅग भरायला काढली. संध्याकाळपर्यंत साप मिळाला नाही तर ती आणि गार्गी तिच्या मैत्रिणीकडे जाणार होत्या. म्हणजे आई शुक्रवारी जाणार, बायको-मुलगी आज जाणार आणि ह्या फ्लॅटमध्ये मी आणि वाळा असे दोघेच उरणार, हे स्पष्ट झालं.

एवढ्यात माझ्या लक्षात आलं, आई बराच वेळ दिसली नव्हती.

ती बाथरूममध्ये होती. उलट्या बादलीवर बसलेली. समोर ड्रेनजवळ तिने एक पायपुसणं चिंब भिजवून, घडी करून ठेवलं होतं.

"तो ओलाव्याला येतो," ती म्हणाली. "गोणपाट ठेवायचे मी मोरीत. तुमच्या त्या मुकुलला विचार, बरोबर आहे का."

मी दारात उंबऱ्यावर बसलो. (बाथरूमला उंबरा आहे हे मला त्या दिवशी कळलं.)

"गेल्या आषाढात आपल्या मोरीत निघाला होता," आई म्हणाली. "मी सवयीने ओरडले, 'अहो, वाळा आलाय!' घर रिकामं. मग मीच पेपर आणला, मीच उचलला, मीच कर्दळीत सोडला. बातमी वाचायची राहिली ते परत येऊन बसल्यावर आठवलं. तेव्हा रडले बघ. ते गेले तेव्हा पाहुण्यांच्या गर्दीत धड रडताही आलं नव्हतं."

मी हात लांबवून पायपुसण्यावर मगभर पाणी ओतलं.

"इथे सगळं चकाचक आहे रे. पण बाथरूममध्ये मुंगीसुद्धा येत नाही. ओरडू तरी कशासाठी? दिवसभर काही घडतच नाही, संध्याकाळी सांगायचं काय कुणाला? इथल्या मातीत जीव नाही म्हणाले, ते तुळशीबद्दल नव्हतं."

हे मला पंधरा दिवसांपूर्वी कळलं असतं तर झारा वाचला असता.

तेवढ्यात पायपुसण्याच्या घडीतून काळं टोक बाहेर आलं. आई ताडकन उठली. इतक्या दिवसांत तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"अरे, वाळा आलाय! कागद! कागद आण!"

मी धावलो. आठ वर्षांचा असताना जसा धावायचो तसाच. वर्तमानपत्र बाल्कनीत मातीखाली होतं. टेबलावर एक कागद दिसला, तो उचलला आणि आईच्या हातात दिला. आईने सराईतपणे कागदाची घडी पुढे धरली. वाळा वर चढला आणि वळवळत कागदभर फिरला. मागोमाग सगळे बाथरूमच्या दाराशी जमा झाले, मधुवंतीसुद्धा.

"बातमी वाच," आई मला म्हणाली.

मी वाकून वाचायला लागलो. "ॲप्लिकेशन फॉर लाँग टर्म..." आणि पुढची ओळ वाचता येईना. माझं पंधरा दिवसांचं सुवाच्य अक्षर निळं होऊन ओघळत होतं. अर्जदाराच्या नावावर चिखल होता आणि 'राहण्याचे कारण' ह्या रकान्यावर वाळा निवांत वेटोळं घालत होता.

सगळ्यांत आधी आईच हसली. दोन्ही हातांत कागद असल्याने तिला तोंडावर पदर घेता येईना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. मी तिच्या खांद्याला धरलं. मलाही आवरेना.

आम्ही वरात काढली. बाल्कनीत तुळशीत वाळा सोडला. दोन सेकंदांत तो मातीत गडप झाला. आईने हात जोडले, आणि मग दुसऱ्या कानातलीही वात काढली.

"मुकुल, हा नर की मादी?" मधुवंतीने विचारलं.

"ह्या जातीत सगळ्या माद्याच असतात, वहिनी. नर नसतोच. लागतच नाही. एकटी मादी अंडी घालते, पिल्लंही माद्याच."

घरातल्या तिन्ही बायकांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. "राहू दे कुंडीत," मधुवंती म्हणाली. "चांगल्या घरची दिसते."

चकतीचा प्रश्न राहिला होता. मधुवंती ती टाकून द्यायला निघाली. आईने अडवलं. "नागपंचमीला नागोबा स्वतः ह्यातून गेलाय. असं भाग्य कुठल्या पुरणाला मिळतं?" एवढं बोलून तिने चकती तीन वेळा उकळत्या पाण्यातून काढली. मुकुलने सहा दिंडं खाल्ली.

जेवणं झाल्यावर आई म्हणाली, "पद्मनाभ, तो फॉर्म परत छापता येईल का रे? सही करते."

मी तिचा हात धरला. "आई, माझ्यासाठी थांबतेस ना?"

"तुझ्यासाठी?" तिने आश्चर्याने पाहिलं. "तू सकाळी आठला जातोस, रात्री आठला येतोस. तुझी वाट बघायची तर ती कराडला बसूनही बघता येते. ह्या मुकुलला घरोघरचे वाळे मोजायचेत, त्याला मोरीतलं काही कळत नाही. उद्यापासून मी त्याच्याबरोबर जाणार आहे."

मी मुकाट्याने नवा फॉर्म छापून भरला. समोर मुकुलही त्याच्या सर्व्हेचा फॉर्म भरत होता. सापडल्याची जागा, मातीचा ओलावा, पाहणाऱ्याचं नाव सुनेत्रा, म्हणजे आई. शेवटच्या रकान्यात अडून त्याने विचारलं, "काकू, इथे 'अधिवासाला झालेला मानवी उपद्रव' असं आहे. काय लिहू?"

आईने वडिलांच्या नावासकट माझं पूर्ण नाव सांगितलं.

मग तिने लाल पेन काढून दोन्ही फॉर्म तपासायला घेतले. दोन्हींवर माझं नाव होतं, एकावर 'प्रायोजक' म्हणून, दुसऱ्यावर 'उपद्रव' म्हणून. माझ्या फॉर्ममध्ये तिने चार चुका काढल्या. मुकुलच्या फॉर्मवर फक्त एक मोठी बरोबरची खूण केली.